बखर अंड्याच्या किल्ल्याची आणि त्यात जमलेल्या चौकडीची

प्रथम नमन विघ्नहर्त्यास, दुसरे शारदेस, आणि तिसरे त्या अनाम कोंबडीस, की जिचे अंडे नसते तर पुढील मजकुरातले एक अक्षरही घडते ना. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर, ज्येष्ठ मासी जे भांडण उभे राहिले आणि त्या भांडणाच्या पोटी जे अघटित निपजले, त्याचा वृत्तांत येणेप्रमाणे. लिहिण्याची आज्ञा कोणी केली म्हणाल, तर कोणीही नाही. ज्यांनी पाहिले ते बोलत नाहीत आणि जे बोलतात त्यांनी पाहिले नाही, ऐसी या राज्याची जुनी रीत आहे, आणि आम्ही पाहिलेही आहे व गप्प बसणे आम्हांस जमतही नाही, म्हणून लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. लिहिले तर चाकरी जाईल, आणि या वयात आम्हांस दुसरी कोण देतो.

तर राज्य लहान. तीन दालने, एक थंड कोठी, एक तोफखाना, आणि वेशीबाहेर चहाची टपरी, जेथे सर्व मसलती होत. या राज्याचा उद्योग किल्ले बांधण्याचा. किल्ले दगडचुन्याचे नव्हेत. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यात एक प्रथिन असते, ते शुद्ध करून मिठाच्या पाण्याच्या थेंबात निजवून ठेवावे, आणि मग कोणी न सांगता त्याचे कण कवाइतीच्या फौजेप्रमाणे रांगेस रांग लावून, थरावर थर चढवून उभे राहतात, आणि खसखशीएवढा स्फटिक तयार होतो. तोच यांचा किल्ला. वरून पाहावे तर खडीसाखरेचा कण, पण आत जवळजवळ निम्मे पाणीच, आणि रांगांच्या मधून पाण्याच्या गल्ल्याच गल्ल्या. त्या गल्ल्यांतून धातूचा एखादा सरदार आत सोडावा, तो कोणत्या जागी जाऊन बसतो ते पाहावे, हा या राज्याचा खेळ. आणि पाहावे कशाने, तर तोफेने. क्ष-किरणांची तोफ स्फटिकावर डागली म्हणजे किरण आतल्या रांगांवर आपटून ठिपके ठिपके होऊन बाहेर पडतात, आणि त्या ठिपक्यांवरून आत कोण कोठे बसला आहे याचा नकाशा निघतो. आम्हांस हे प्रथम थाप वाटले होते. पुढे नकाशा डोळ्यांनी पाहिला, तेव्हा गप्प झालो.

आता धातू कोणता आणि कशास, हे सांगणे प्राप्त. धातूचे नाव ऱ्हेनियम. याचा धाकटा भाऊ टेक्नेशियम, तो दवाखान्यांत चाकरीस असतो. त्यास औषधात चिमूटभरही नव्हे इतका घालून रोग्याच्या शिरेत सोडतात, आणि तो अंगात जेथे जाऊन बसेल तेथून किरण सोडतो, आणि बाहेर उभा केलेला कॅमेरा त्या किरणांची छबी घेतो, आणि मग हाडात काय आहे, हृदयात काय बिघडले, हे कातडीस सुरी न लावता वैद्यांस कळते. परंतु धाकटा मोठा तापट, किरणोत्सारी, आणि काही तासांतच निम्मा विरून जाणारा, त्याच्याशी निवांत बोलणे होत नाही. थोरला ऱ्हेनियम शांत. स्वभाव मात्र दोघांचे एका मुशीतले, म्हणून थोरल्यास किल्ल्यात बसवून पाहावे आणि त्यावरून धाकट्याचा अदमास बांधावा, ऐसा मनसुबा. थोरल्याची स्वारी निघते तेव्हा सोबत कार्बन-ऑक्सिजनच्या जोड्यांचे तीन हुजरे असतात, ते सहसा सोडून जात नाहीत, आणि पाण्याचे तीन छत्रीवाले असतात, ते जागा मिळताच बाजूस सरतात. किल्ल्यात हिस्टिडिन नावाची मानाची बैठक आहे, तेथे स्वारी एकटी जाऊन बसते, हे ठाऊक होते. कितपत घट्ट बसते आणि कशी बसते, इतकेच पाहणे होते.

या राज्याच्या धनीण राजश्री मालविकाबाई दाभोळे, ज्यांस सर्व बाईसाहेब म्हणत. शांत बाई, आवाज कधी चढला नाही, परंतु चष्मा काढून टेबलावर ठेवला की भल्याभल्यांची गाळण उडे. त्यांचे पदरी दोन सरदार. एक गोविंदपंत आगटे, धातूंचे सरदार. धातूस हुजरे लावणे, छत्र्या लावणे, हे सर्व यांच्या हातचे, आणि बोलणे इतके गोड की ऐकणाऱ्याने आधी खिसा तपासावा. दुसरे हैबतराव बेलसरे, तोफेचे सरदार. यांचे बोलणे तोफेसारखेच, पण नेम अचूक. दोघेही विद्वान, दोघेही प्रामाणिक, आणि दोघांनाही एकमेकांचे तोंड पाहिले की पित्त होई. आणि तिसरी सगुणा भिलारे, विद्यार्थिनी. हिच्या वडिलांची साताऱ्याकडे कोंबड्यांची शेड. अंड्यांवर वाढलेली पोर अंड्यावरच डॉक्टर व्हावयास आली, म्हणून टपरीवर थट्टा होई, आणि ती हसून चहा पिई. पण हसण्यासारखे फारसे नव्हते. राज्याचा कायदा असा, की मुदतीत एका किल्ल्याचा पक्का नकाशा दाखवून प्रबंध दाखल करावा, न केल्यास नाव पटावरून कमी. सगुणेची मुदत फाल्गुनअखेर. पहिले किल्ले कोसळले होते, दुसऱ्यांत धातू शिरलाच नव्हता, आणि आता ज्येष्ठात तिसऱ्या खेपेस स्फटिक सुरेख उतरले होते, धातू आत सोडला होता, आणि स्फटिकांचे थेंब मांडलेले ताट थंड कोठीत ठेवून ती तोफेची वाट पाहत होती. हे बसले तर डॉक्टर, नाही तर शेड.

येथे नारळ आला. या राज्यात ऐसी चाल, की नव्या किल्ल्यांवर तोफ डागण्यापूर्वी तोफेस हळदकुंकू वाहावे आणि पायरीवर नारळ फोडावा. विज्ञानाच्या राज्यात हे काय, म्हणून कोणी हसेल तर हसो. एके वर्षी एक विलायतेहून आलेले सरदार असेच हसले, नारळ फोडू दिला नाही, आणि तोफ त्याच आठवड्यात बंद पडली. दुरुस्तीस माणूस परदेशातून यावयाचा होता, तो येईतो सर्वांनी माश्या मारल्या. तेव्हापासून हसणारेच नारळ आणावयास पुढे. तर ज्येष्ठात सगुणेने चांगला शेंडीचा नारळ आणला, तोफेवर ठेवला, कुंकू लावले, आणि बाईसाहेब सहज म्हणाल्या, की यंदा नारळ गोविंदपंतांनी फोडावा, धातू त्यांचा आहे. इतके वाक्य, आणि राज्य उलटले. हैबतराव म्हणाले, "तोफ कोणाची? आजवर नारळ तोफेच्या सरदारानेच फोडला आहे. उद्या लग्न माझ्या घरी आणि अक्षता यांच्या हाती." गोविंदपंत मधासारखे म्हणाले, "रावसाहेब, आपला मान आहेच. पण मोकळ्या किल्ल्यावर तोफ डागून आपण काय पाहणार होता? आत राजा आमचा बसलाय." हैबतराव म्हणाले, "राजा बसलाय की पळालाय, ते आम्ही सांगू तेव्हा तुम्हांस कळणार." आणि तोफखान्यास कुलूप घालून किल्ली कमरेस खोवून चालते झाले.

बाईसाहेबांनी रदबदली केली नाही असे नाही. प्रथम म्हणाल्या, दोघांनी मिळून नारळ धरावा. तेव्हा वरचा हात कोणाचा, यावर आषाढ गेला. मग म्हणाल्या, दोन नारळ आणा. तेव्हा पहिला कोणाचा, यावर श्रावण गेला, आणि त्या वर्षी नेमका अधिक श्रावण, म्हणजे भांडणास एक महिना फुकटात मिळाला. मग म्हणाल्या, नारळच नको. यावर दोघे सरदार प्रथमच एकमताने उभे राहिले आणि म्हणाले, बाईसाहेब, परंपरेस धक्का लागू देणार नाही. गणपती आले आणि गेले. दसऱ्यास सोने वाटले, तेव्हा दोघांनी सर्व राज्यास आपट्याची पाने दिली आणि एकमेकांस वगळले. दिवाळीचा फराळ टपरीवर एकत्र झाला, तेव्हा हैबतरावांनी चकली घेतली आणि "कडक आहे" म्हणाले, ती गोविंदपंतांच्या घरची निघाली, आणि समेटाची जी काय थोडी आशा होती ती चकलीबरोबर मोडली. नारळ आपला तोफेवर तसाच. त्यावरचे कुंकू वाळून काळे पडले. आणि खाली थंड कोठीत, अंधारात, सगुणेचे ताट तसेच, कारण या राज्याची दुसरी चाल ऐसी, की बसलेल्या स्फटिकास हलवू नये, डोकावू नये, त्यास त्याचे काम करू द्यावे.

आणि सगुणा रडकुंडीस आली. हे आम्ही पाहिले आहे, म्हणून लिहितो. एकदा थंड कोठीच्या बाहेर भिंतीस टेकून वडिलांशी फोनवर बोलत होती. आम्ही मुद्दाम ऐकत नव्हतो. आमची बसण्याची जागाच तेथे आहे. वडील, भैरू भिलारे, म्हणाले, "पोरी, आमची कोंबडी खुडूक बसली की तीन आठवड्यांत पिल्लू भायेर येतं. तुमी किती आठवडं बसलायसा?" ती म्हणाली, "आबा, आमच्याकडे कोंबडी बसलीय, पण दोन कोंबडे भांडतायत." वडील म्हणाले, "मग एकाला कापा." ती हसली आणि मग हसता हसता रडू आले, आणि म्हणाली, "आबा, फाल्गुनापर्यंत काही झालं नाही तर मी परत येते. शेडचं मी बघेन." वडील म्हणाले, "शेड बघायला मी हाय. तू ते बघ, जे मला दिसत न्हाई." आम्हांस त्या वेळी दोन्ही सरदारांचा असा राग आला, की दोघांच्या चहात मीठ घालावे. घातले नाही. टपरीवाला नको म्हणाला.

पौषात बाईसाहेबांनी अखेर चष्मा काढून टेबलावर ठेवला. दोघांस बोलावून म्हणाल्या, "शेजारच्या राज्याने तोफ मागितली आहे. संक्रांतीस नारळ फुटलेला दिसला नाही, तर दुसऱ्या दिवशी तोफ त्यांचेकडे रवाना होईल. आता हात वर कोणाचा ते तुम्ही ठरवा, मी ठरवणार नाही." संक्रांतीस दोघांनी नारळ दोन्ही बाजूंनी धरला, हात आडवे, म्हणजे वर कोणीच नाही, आणि पायरीवर आपटला. पाणी एक थेंब उडाले नाही. नारळ फुटला तो खडखडीत. आत पाणी आटून, खोबरे करवंटीपासून सुटून, सुक्या खोबऱ्याचा गोटा झालेला. हैबतराव म्हणाले, "हा अपशकुन यांच्या हाताचा." गोविंदपंत म्हणाले, "तोफेच्या उष्णतेने झाले असेल, तोफ कोणाची ते सर्वांस ठाऊक आहे." सगुणा खाली बसली, गोट्याच्या दोन वाट्या उचलल्या, पदरास पुसल्या आणि म्हणाली, "खोबरं चांगलं आहे. बंद राहिलं म्हणून असं झालं. आता डागा."

मग तोफ डागली. ठिपके आले, नकाशा निघाला, आणि सर्वांनी मान पुढे केली, तो मानाच्या बैठकीवर एकटा सरदार दिसेल म्हणून. एकटा होता कोठे? शेजारीच आणखी एक ठिकाण, आणि तेथे चार ऱ्हेनियम, चौघे चौकोनी वाड्याच्या चार कोपऱ्यांस बसल्यासारखे, मधोमध ऑक्सिजनच्या खांबांनी एकमेकांस जोडलेले, आणि प्रत्येकाचे तीन हुजरे बाहेरच्या बाजूस पहारा देत. ऐसी चौकडी बाहेरून कोणी आत पाठवली नव्हती. इतके मोठे बांधकाम गल्लीतून आत शिरणेही कठीण. ते आतच, किल्ल्याच्या पाण्यात, भिंतींच्या आधाराने, सावकाश उभे राहिले होते. गोविंदपंतांचा चेहरा पडला. म्हणाले, "माझा धातू शुद्ध होता. तोफेच्या नकाशात चूक आहे." हैबतराव म्हणाले, "नकाशा बरोबर आहे. तुमचा धातू नासला." सगुणेच्या मनात आले, की हेही गेले, नासका किल्ला म्हणून प्रबंध परत येणार. परंतु बाईसाहेबांनी चष्मा घातला, जवळ जाऊन पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि म्हणाल्या, "नासका नव्हे, नवा आहे. आणि महत्त्वाचा आहे. हाच धातू औषध होऊन माणसाच्या अंगात गेला तर तेथेही प्रथिने आहेत, तेथेही वेळ आहे. तेथे तो आपण पाठवला तसाच राहतो, की आपले निराळे घर बांधतो, हे कळले नाही तर कॅमेऱ्यात दिसते ते काय समजायचे? आणि चौघे एके ठिकाणी बसवता आले, तर एकाच्या जागी चौघांचे बळ, छबीस उपयोगी की उपचारास उपयोगी, ते पुढे कोणी पाहील. आज औषध झाले असे कोणी टपरीवर बोलू नये." त्या संध्याकाळी टपरीवर कर्करोगावर औषध सापडले होते.

महत्त्वाचे आहे म्हटल्याबरोबर वारे फिरले. गोविंदपंत म्हणू लागले, की मी धातू मुद्दाम असा बांधला होता. हैबतराव म्हणू लागले, की मी तोफ मुद्दाम थांबवली होती, फळ पिकू देत होतो. सगुणेने लेख लिहिला. त्यात खरेपणाने एक ओळ लिहिली, की धातू सोडल्यावर स्फटिक कित्येक महिने न हलवता थंड कोठीत राहिले, मग तोफ डागली. लेख दोन्ही सरदारांकडे गेला, आणि त्यांचे इतिहासात दुसऱ्यांदा एकमत झाले. दोघांनीही नेमकी तीच ओळ खोडली. गोविंदपंत म्हणाले, "कित्येक महिने का राहिले, असे कोणी विचारले तर काय सांगशील? नारळ?" हैबतराव म्हणाले, "राज्याची अब्रू आहे, पोरी." बाईसाहेब तेव्हा दिल्लीकडे गेल्या होत्या. सगुणेची मुदत डोक्यावर. तिने मान हलवली, आणि लेख ओळीविना गेला, छापला गेला, आणि प्रबंध मुदतीत दाखल जाहला. आम्हांस त्या दिवशीच वाटले होते, की कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, पण आम्हांस विचारतो कोण.

पुढे शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, भाद्रपद मास, सगुणेची तोंडी परीक्षा. परीक्षक पूर्वेकडील राज्याचे पंडित दिनकरराव वऱ्हाडपांडे. उंच, सडपातळ, चहात साखर न घेणारे, म्हणजे कसे ते समजून घ्यावे. दरबार भरला. सातारच्या गाडीने भैरू भिलारेही आले, स्वच्छ टोपी घालून मागच्या बाकावर बसले, मांडीवर अंड्यांचा क्रेट. सगुणेने सर्व सांगितले, नकाशा दाखवला, आणि मग वऱ्हाडपांडे म्हणाले, "बाई, तुमचा लेख वाचून आमच्या लोकांनी उन्हाळाभर तेच केले. तुम्ही लिहिले तसे स्फटिक, तोच धातू, तीच थंडी. मानाच्या बैठकीवर एकटा सरदार आला. चौकडी आली नाही. पुन्हा केले, आली नाही. आता मी तुम्हांस पदवी द्यावी, तर आमच्या लोकांस काय सांगू? की त्यांचे हात वाईट, की तुमचा नकाशा खोटा?" गोविंदपंतांनी छत न्याहाळले. हैबतरावांनी कमरेची किल्ली चाचपली. सगुणेने एकदा मागच्या बाकाकडे पाहिले, आणि म्हणाली, "साहेब, तुमच्या लोकांचे हात चांगले आहेत आणि माझा नकाशाही खरा आहे. एक जिन्नस लेखात लिहायचा राहिला. राहिला म्हणजे आम्ही वगळला, आणि मी वगळू दिला." ते म्हणाले, "कोणता?" ती म्हणाली, "भांडण."

आणि मग तिने नारळापासून चकलीपर्यंत सर्व सांगितले. कोणास बोल लावला नाही, कोणास वाचवलेही नाही. ज्येष्ठात धातू सोडला, संक्रांतीस तोफ डागली, मध्ये भांडण होते, इतकेच. वऱ्हाडपांड्यांच्या चेहऱ्यावर रेघ हलली नाही. म्हणाले, "भांडण हे रसायन नव्हे." सगुणा म्हणाली, "नाही साहेब. पण भांडणाने वेळ दिला. तुम्ही ताजे स्फटिक पाहिलेत, त्यांत अजून सरदार एकटाच असतो. चौघांना जमायला महिने लागत असावेत. माझ्या ताटात जुने थेंब अजून आहेत, आणि या आठवड्यात नवेही सोडलेत. तुम्ही स्वतःच्या हाताने एक जुना आणि एक नवा काढा, मला दाखवूही नका, आणि दोन्ही डागा. चौकडी जुन्यात नसेल तर मी आबांबरोबर सातारच्या गाडीत बसते." वऱ्हाडपांडे उठले. थंड कोठीत गेले, आपल्या हाताने दोन स्फटिक काढले, आणि सर्व दरबार तोफखान्यात आला. पायरीवर नवा नारळ होता. आणि काय सांगावे, आता तो कोणास नको. गोविंदपंत म्हणाले, "रावसाहेब, तोफ आपली, मान आपला." हैबतराव म्हणाले, "छे छे पंत, धातू आपला, आपणच." ज्येष्ठात ज्या नारळावर जीव देत होते, त्यास आता बोट लावीनात. सगुणेने वाट पाहिली नाही. नारळ उचलला, आपटला, पाण्याचे शिंतोडे दोन्ही सरदारांच्या शर्टांवर सारखेच उडाले, आणि ती म्हणाली, "डागा."

दोन्ही नकाशे निघेतो दुपार कलली. भैरू भिलाऱ्यांनी तोवर टपरीवाल्यास अंडी उकडावयास लावून सर्वांस वाटली, वऱ्हाडपांड्यांनी दोन खाल्ली. पहिल्या नकाशात एकटा सरदार. दुसऱ्यात चौकडी, चारी कोपरे, हुजऱ्यांसह, जशीच्या तशी. वऱ्हाडपांडे पडद्यासमोर उभे राहिले, आपला कागद पाहिला, जुना कोणता नवा कोणता ते ताडले, आणि प्रथमच हसले. म्हणाले, "बाई, तुम्ही पदवीस पात्र आहात. पण लेख दुरुस्त करा. ती ओळ परत घाला. आमच्या लोकांचा उन्हाळा एका ओळीपायी गेला, आणि एखाद्याचे औषधही असे एखाद्या ओळीपायी जाईल." तेव्हा बाईसाहेबांनी दोन्ही सरदारांकडे पाहिले, चष्मा न काढता, आणि दोघेही एकदम म्हणाले, ती ओळ आम्ही खोडली होती. हे त्यांचे तिसरे एकमत, आणि आमच्या मते पहिले खरे. मागच्या बाकावरचे भैरू पुढे आले. लेकीस म्हणाले, "म्हंजे आता डागदर?" ती म्हणाली, "होय आबा." म्हणाले, "कोंबड्या तपासशील?" ती म्हणाली, "नाही आबा, तसली डॉक्टर नव्हे मी." ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मी समजलो तेवढं बास हाय." आणि टोपी काढून डोळे पुसले, आणि आम्हीही दुसरीकडे पाहिले.

संध्याकाळी टपरीवर पेढे वाटले. सगुणेने पिशवीतून पहिल्या नारळाच्या गोट्याच्या दोन वाट्या काढल्या, जपून ठेवलेल्या, आणि म्हणाली, "याच्यामुळे झालं सगळं. दोघांनी एकेक घ्या." दोघांनी हात पुढे केले. वाट्या सारख्या नव्हत्या. गोविंदपंत म्हणाले, "मोठी आपण घ्या रावसाहेब, तोफेचे कष्ट जास्त." हैबतराव म्हणाले, "जास्त म्हणजे? धातू काय आपोआप उगवतो? मोठी तुमची." गोविंदपंत म्हणाले, "म्हणजे मी हावरा?" हैबतराव म्हणाले, "मी तसे म्हणालो नाही, पण आता तुम्हीच म्हणताय." आवाज चढले, टपरीवाल्याने कप आवरते घेतले, आणि आम्ही बाईसाहेबांकडे पाहिले, की आता चष्मा निघणार. चष्मा निघाला नाही. त्यांनी चहाचा घोट घेतला, सगुणेच्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर भिलारे, सावकाश जा आणि थंड कोठीत नवे ताट लावून ये. वेळ बरी आहे."

सारांश, धातू किल्ल्यात एकटा शिरला, चौघे होऊन सापडला, आणि मधली वेळ दोघांच्या अहंकाराने दिली. हिंमत सगुणेची, किल्ला कोंबडीचा, आणि खोबऱ्याच्या त्या दोन वाट्या अद्याप टपरीवरच पडून आहेत. लिहिणाराचे हस्ताक्षर वाईट, ते गोड मानून घ्यावे, आणि आमच्या चहाचे कोणी तरी पाहावे.